चढ चालत, उतार एसटीनं

माझा मामा रोज पहाटे साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चालत चढतो आणि एसटीनं खाली येतो. बाकीचं जग याच्या बरोबर उलट करतं. वर गाडीनं जायचं, महादेवाचं दर्शन घ्यायचं, भजी खायची आणि 'चला, आता उतारच आहे' म्हणत रमतगमत खाली यायचं. मामा एकोणऐंशी वर्षांचा आहे. पंच्याहत्तरी पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून एसटी फुकट झाली, त्यामुळे पेठेतल्या लोकांना वाटतं की म्हातारा फुकटचा प्रवास वसूल करतोय. पण ही उलटी वारी त्याच्याही आधीची आहे. तेव्हा तो अर्धं तिकीट काढून उतरायचा.

एकदा मी त्याला शहाणपणा शिकवायला गेले. म्हटलं, "मामा, चढताना बसा आणि उतरताना चाला. दम तरी लागणार नाही."

"दमाचं काय गं," मामा म्हणाला, "बसलं की दम परत येतो. गुडघा येतो व्हय परत?"

मी हसले आणि विसरून गेले. मामा पाणीखात्यातून निवृत्त झालाय. साताऱ्याला कास तलावाचं पाणी येतं आणि ते कुठे अडलं, कुठे फुटलं हे बघायला तो तीसेक वर्षं हा डोंगर चढला-उतरला. त्याच्या गुडघ्याला या विषयात बोलायचा अधिकार आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात यायला मला एकवीस किलोमीटर धावावं लागलं.

मी पुण्यात बँकेत नोकरी करते, वय सत्तेचाळीस. धावायला लागून सहा वर्षं झाली. नातेवाइकांत 'ती मॅरेथॉन मारते' अशी ख्याती आहे. ती खोटी आहे. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, मी धावते त्याच्या निम्मं. पण लग्नकार्यात हे समजावत बसण्यापेक्षा हो म्हटलेलं सोपं जातं.

दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलं. ही शर्यत २०१२ साली सुरू झाली. एकाच डोंगरावर सगळ्यांत जास्त माणसं धावल्याचा गिनीजचा विक्रमही २०१५ मध्ये तिच्या नावावर लागला. शहरातून निघायचं, समर्थ मंदिराकडून घाटाला लागायचं, यवतेश्वर मागे टाकून कासच्या रस्त्यानं थोडं पुढे जायचं, वळायचं आणि आल्या वाटेनं परत. कासचं पठार त्याच्याही पुष्कळ पुढे आहे. त्यामुळे 'फुलं बघत धावलीस का?' या प्रश्नाला उत्तर नाही असंच द्यावं लागतं. फुलं दिसत नाहीत. पुढच्याची पाठ दिसते.

त्या वर्षी मी तयारी केली नव्हती असं कुणी म्हणू नये. चढाची भरपूर केली होती. रविवारी पायथ्यापासून डांबरी रस्त्यानं सिंहगड चढायचा, वर मडक्यातलं दही खायचं आणि कुणाच्या तरी गाडीत बसून खाली यायचं. पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या पाच-पाच वेळा चढायच्या. उतरताना गप्पा. आमच्या गटातल्या सगळ्यांचं तेच चालायचं. चढ हे काम आणि उतार ही कामानंतरची सुट्टी.

शर्यतीच्या दिवशी घाट छान चढले. वळले तेव्हा घड्याळात एक तास चोवीस मिनिटं झाली होती. आता सगळा उतारच, तास-सव्वातासात खाली, म्हणजे दोन तास चाळीसच्या आत! मनातल्या मनात मी हा आकडा दोघी-तिघींना सांगूनही टाकला. आणि सुटले. शाळा सुटल्यावर पोरं सुटतात तशी. चढताना जे लोक मला मागे टाकून गेले होते त्यांना एकेक करून मागे टाकत होते. धुकं, गार वारा, खाली ढगांतून मध्येच डोकावणारा अजिंक्यतारा. आयुष्यात इतकं छान कधी धावले नव्हते.

घाटाच्या खालच्या वळणांवर मांड्या बोलायला लागल्या. आधी कुजबुजल्या, मग ओरडल्या. रस्ता सपाट झाला तेव्हा तर पाय माझे राहिलेच नव्हते. गुडघा वाकवला की मांडी थरथरायची, न वाकवावा तर पाऊल पडेना. ज्यांना मागे टाकलं होतं ते सगळे एकेक करून पुढे गेले, आणि काही जणांनी जाता जाता धीरही दिला, ते जास्त लागलं. एका पोरानं हातात केळं ठेवून सांगितलं, "मावशी, फक्त दोन किलोमीटर राहिले!" साडेतीन राहिले होते. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाचं किलोमीटरचं गणित कधीच बरोबर नसतं, पण त्याच्यावर रागावताही येत नाही.

एकूण वेळ दोन तास बावन्न. म्हणजे वर जायला एक चोवीस आणि खाली यायला एक अठ्ठावीस. उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागलेली त्या दिवशी मी एकटीच नसेन, पण तेव्हा तसंच वाटलं.

मामा समर्थ मंदिराच्या अलीकडे उभा होता. संध्याकाळी घरी पाय पाण्यात टाकून बसले होते तेव्हा म्हणाला, "तू दिसायच्या आधी तुझा पाय ऐकू आला. धप, धप. म्हैस उतरती का काय म्हणून बघाय गेलो तर तू."

सोमवारी बँकेत गेले. मंगळवारी खरी मजा आली. दुसऱ्या मजल्यावरून खाली येताना पायरीवर पाय टेकवला की डोळ्यांपुढे काजवे. शेवटी कठडा धरून पाठमोरी उतरले, लहान मूल पलंगावरून उतरतं तशी. खाली पासबुक भरायला आलेल्या एका आजोबांनी विचारलं, "काय झालं बाई, पडलात का?"

*

मामाच्या गुडघ्याचं म्हणणं मी त्यानंतर वाचायला घेतलं.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू भार पेलता पेलता लांबत जातो. विहिरीतून भरलेली कळशी ओढून घेणं वेगळं आणि तीच भरली कळशी दोर हातातून सुटू न देता सावकाश खाली सोडणं वेगळं. ओढताना दम लागतो. सोडताना दम लागत नाही, पण तळहात सोलतात. उतारावर प्रत्येक पावलाला मांडी शरीराची भरली कळशी खाली सोडत असते, आणि घाटात अशी पावलं हजारोंनी पडतात. स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते. ती लगेच कळतही नाही. दुखणं बारा ते चोवीस तासांत चढायला लागतं आणि एक ते तीन दिवसांत सगळ्यांत जास्त होतं. माझा मंगळवार तो हाच.

धक्क्याचंही असंच आहे. २००५ साली कोलोरॅडो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी उतारावर धावणाऱ्यांच्या पावलाचा दणका मोजला. नऊ अंशांच्या उतारावर तो सपाटीपेक्षा ५४ टक्क्यांनी जास्त भरला, सहा अंशांवर ३२ टक्क्यांनी. आपले गाडीरस्त्याचे घाट इतके तीव्र नसतात, तेव्हा हे आकडे जसेच्या तसे यवतेश्वरला लावू नयेत. आणि चढावर? चढावर हा दणका सपाटीपेक्षा कमी असतो. म्हणजे मामाच्या गुडघ्याच्या दृष्टीनं घाट चालत चढणं हा सगळ्यांत स्वस्तातला व्यायाम, आणि उतरायला एसटी हा शुद्ध व्यवहार.

याच सुमारास बॉस्टन मॅरेथॉनच्या वाटेवरच्या 'हार्टब्रेक हिल'बद्दल वाचलं. धावणाऱ्यांच्या गप्पांत या टेकडीचं नाव असं घेतात की मला वाटायचं कळसूबाईच्या तोडीचं काहीतरी असणार. प्रत्यक्षात तो किलोमीटरही न भरणारा चढ, उंची भरते जेमतेम २७ मीटर. आमची पर्वती तिच्याकडे बघून हसेल. नाव पडलं १९३६ साली. जॉन केली नावाच्या धावपटूनं तिथे टारझन ब्राउनला गाठलं आणि पुढे जाताना त्याच्या खांद्यावर थाप मारली. बहुधा 'शाबास, बरा धावलास' अशी. ब्राउनला ती झोंबली, तो पेटला, पुढे निघून गेला आणि शर्यत जिंकला. बातमीदार जेरी नेसननं लिहिलं की केलीचं काळीज इथे फुटलं. तेव्हापासून हे नाव. (खांद्यावर थाप मारायच्या आधी माणसानं विचार करावा, एवढं मी त्यातून घेतलं.)

पण एवढ्याशा टेकडीची एवढी दहशत का, हे शर्यतीचा नकाशा उभा धरला की कळतं. बॉस्टनची शर्यत सुरू होते ती जागा शेवटापेक्षा सुमारे १४० मीटर उंचावर आहे. पहिले पंचवीसएक किलोमीटर रस्ता एकंदरीत खाली खालीच येतो. लोक खुशीत येतात, वेळ कमावतात, आणि मग सव्विसाव्या किलोमीटरच्या सुमाराला न्यूटन नावाच्या गावातले चढ लागतात. हार्टब्रेक त्यातला शेवटचा. पाय तिथे चढायला नकार देतात, पण ते मोडलेले असतात आधीच, उतारावर. बदनाम मात्र बिचारी टेकडी.

हे वाचल्यावर मला फार बरं वाटलं. आपण ज्या चुकीनं मेलो ती जगप्रसिद्ध आहे, हा एक वेगळाच दिलासा असतो.

*

गेल्या वर्षी घरच्या आजारपणात शर्यत राहून गेली. यंदा मेमध्ये नाव घातलं आणि ठरवलं की तयारी उताराची करायची. चढ आपोआप होईल, कारण उतरायला आधी वर जावंच लागतं.

मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे हनुमान टेकडी. वर जाताना चालायचं, खाली येताना धावायचं, असं सहा वेळा. टेकडीवर रोज येणाऱ्या ज्येष्ठ मंडळींचा एक कट्टा आहे. त्यांनी दोन आठवडे माझ्याकडे नुसतं बघितलं. तिसऱ्या आठवड्यात त्यातल्या एकांना राहवलं नाही. "मॅडम, तुमचं उलटं चाललंय. चढताना पळा, उतरताना चाला. हार्टला तेच चांगलं." मी मान डोलावली. पुणेरी टेकडीवर वाद घालून जिंकता येत नाही, हे मी कोथरूडमध्ये वीस वर्षं राहून शिकले आहे.

पहिल्याच आठवड्यात कळलं की उतरायचं कसं, हे मला येतच नव्हतं. घाबरून मी मागे रेलत होते, पाऊल लांब पुढे टाकत होते आणि टाचेवर आदळत होते. म्हणजे दर पावलाला ब्रेक. आमच्या गटात एक निवृत्त चालक आहेत, वयाची पस्तीस वर्षं घाटात गाडी चालवण्यात गेलेली. त्यांनी एका वाक्यात विषय संपवला. "ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा. ब्रेकवर उतरणाऱ्याचे लायनर जळतात." माझे लायनर दोन वर्षांपूर्वीच जळून झाले होते. तर मग गिअर कुठला? चढताना मी जी छोटी, भराभर पावलं टाकते तीच उतरताना टाकायची. वेग पाहिजे असेल तर पाऊल लांबवायचं नाही, थोडं घोट्यातून पुढे झुकायचं आणि पाऊल शरीराच्या खालीच पडू द्यायचं. नजर पायाशी नाही, दहा-पंधरा फूट पुढे. हात ढिले. दगडगोट्यांत हे सगळं एकदम करणं म्हणजे लग्नात पंगत वाढण्यासारखं आहे. एकीकडे लक्ष दिलं की दुसरीकडे सांडतं.

बरोबर जमतंय की नाही हे कळायला मला एक परीक्षकही मिळाला. टेकडीच्या दुसऱ्या वळणावर वाटेच्या कडेला एक पिवळट कुत्रा झोपलेला असतो. मेमध्ये मी वीस पावलांवर आले की तो दचकून उठायचा आणि भुंकायचा. मला मामाची म्हैस आठवायची. मग मी एकच ध्यास घेतला, या कुत्र्याची झोप मोडायची नाही. वेळ नाही, अंतर नाही, घड्याळ नाही. आवाज कमी करायचा. पाऊल हलकं पडलं की आवाज कमी होतो आणि आवाज कमी झाला की गुडघ्याला जाणारा दणकाही कमी झालेला असतो. जुलैत तो डोकं वर करून बघायला लागला. ऑगस्टच्या मध्यात एकदा त्यानं फक्त कान हलवला. त्या दिवशी मी ऑफिसात उगाचच सगळ्यांशी फार गोड वागले.

यात एक चांगली गोष्ट आहे. उताराच्या बाबतीत स्नायू लवकर शिकतो. एकदा उतारानं पाय भरून आले की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उतारानं तेवढे दुखत नाहीत. पहिल्या मंगळवारनंतर मी बँकेच्या जिन्यावर पुन्हा पाठमोरी झाले होते. तिसऱ्या मंगळवारनंतर सरळ उतरले. म्हणून उतार रोज धावायची गरज नाही, पण शर्यतीआधी काही वेळा धावलेला हवा, आणि शेवटचा मोठा उतार दोन-तीन आठवडे आधी. अगदी तोंडावर केला तर धडा शिकण्याऐवजी शिक्षाच घेऊन उभं राहावं लागतं.

घरी जिना आहेच. पायरीच्या कडेला एका पायावर उभं राहायचं, तीन मोजत दुसरी टाच खालच्या पायरीला टेकवायची, पुन्हा वर. बारा या पायावर, बारा त्या. दिसायला काहीच नाही, आणि दहाव्याला मांडी पेटते. वरच्या मजल्यावरच्या काकू दोनदा विचारून गेल्या, "लिफ्ट बंद आहे का गं?"

*

जूनमध्ये पालखी आली. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला जाते तो टप्पा वारीतल्या मोठ्या टप्प्यांपैकी, आणि त्यात दिवे घाट. मी आणि मैत्रीण हडपसरपासून चालत गेलो. मी अनेक वर्षांत गेले नव्हते आणि खरं सांगायचं तर यंदाही भक्तीपेक्षा घाटाच्या ओढीनं गेले. माउलींच्या रथाला तिथे जादा बैलजोड्या लावतात. सगळ्यांचं लक्ष त्या बैलांकडे असतं. माझं लक्ष बायकांच्या पायांकडे होतं.

साठी-सत्तरीच्या बाया, डोक्यावर तुळस, पायात रबरी चपला, काही अनवाणी. सकाळपासून चालत आलेल्या. आणि घाट लागला तरी त्यांची चाल बदलत नव्हती. आम्ही शहरातले लोक चढ आला की आधी जोर लावत होतो आणि मग कठड्याला टेकत होतो. त्या पाऊल आखूड करत होत्या, पण ठेका तोच. ज्ञानोबा-माउली-तुकाराम, ज्ञानोबा-माउली-तुकाराम. टाळ त्या पावलांना धरून होते की पावलं टाळांना, ते ठरवता येईना. मी एका आजींच्या मागे लागले, परभणीकडच्या होत्या. त्यांच्या पावलात पाऊल टाकत घाट चढले आणि वर पोचेपर्यंत एकदाही धाप लागली नाही. आम्ही धावणारे लोक महागाच्या घड्याळात मिनिटाला एकशे सत्तर पावलांची टिकटिक लावून जे शिकतो ते एवढंच. चढावर वेग सोडायचा, ठेका सोडायचा नाही.

तेव्हापासून मी चढावर घड्याळातला वेग बघत नाही. बोपदेव घाटात रविवारी सराव असतो. चौघी जातो आणि एकीचा नवरा स्कूटरवर पाणी घेऊन मागून येतो. पहाटेच्या अंधारात एकटीनं जाण्याइतकी मी शूर नाही आणि कुणाला तसा सल्लाही देणार नाही. तिथे मी मनात ज्ञानोबा-तुकाराम धरते आणि बोलता येईल इतपतच धावते. एक वाक्य पुरं बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर तुटलं तर चालायला लागायचं. पहिल्यांदा चालले तेव्हा लाज वाटली होती. मग लक्षात आलं की तीव्र चढावर धावण्याचं नाटक करणारे माझ्यापेक्षा पाच-सात पावलंच पुढे होते, आणि वर गेल्यावर तेच कमरेवर हात ठेवून उभे होते.

हिशेबाची एक गोष्ट मात्र मनाला पटायला वेळ लागला. चढावर गेलेला वेळ उतारावर तेवढाच परत मिळत नाही. चढ जेवढं घेतो त्यापेक्षा उतार कमीच देतो, आणि उतार फार तीव्र असला तर शरीर रोखून धरण्यातच शक्ती जाते. बँकेत असूनही मला हे इतक्या उशिरा कळावं! कर्जाचं व्याज आणि ठेवीचं व्याज कधी सारखं असतं का?

नखांबद्दलही सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. उतारावर पाय बुटात पुढे सरकतो आणि अंगठा पुढच्या टोकावर आपटत राहतो. माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं मागच्या वेळी काळी पडून गेली. आता बूट अर्ध्या नंबरानं मोठा आणि वरच्या शेवटच्या भोकातून नाडी फिरवून टाच पक्की बांधलेली. नखं आदल्या आठवड्यात कापायची. बुटांवर लोक तासन्‌तास बोलतात, कुठला फोम, कुठली कार्बनची पट्टी. पावसाळ्यात शेवाळलेल्या घाटात मला तळव्याची पकड पुरते.

*

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी साताऱ्याला गेले. खऱ्या रस्त्यावर एकदा उतरून बघायचं होतं. मामानं आदल्या रात्रीच सांगितलं, "मी साडेपाचला निघतो. तू ये मागनं पळत."

सहाला निघाले. घाटात इतकं धुकं होतं की समोरून येणारा दूधवाला आधी किटल्यांच्या आवाजातून कळायचा आणि मग दिसायचा. डोंगराच्या बाजूनं जागोजाग पाणी खाली येत होतं. मी ज्ञानोबा-तुकाराम करत चढत होते आणि मामा कुठे दिसेना. मनात म्हटलं, आज बहुतेक आला नाही. वरून दुसऱ्या वळणावर छत्री दिसली. पाठीवर पिशवी, डोक्याला मफलर, कुणाची वाट न बघणारी ती चाल. अर्धा तास आधी निघालेल्या एकोणऐंशीच्या माणसाला गाठायला मला जवळजवळ सगळा घाट लागला होता.

"मामा, दम लागला का?"

"लागतो की. लागंना का."

देवळात बसून गूळ-शेंगदाणे खाल्ले. मग तो थांब्यावर गेला आणि मी उतरायला लागले.

तिसऱ्या वळणावर मागून गाडीचा घुरघुर आवाज आला. बामणोलीकडची लाल एसटी, खालच्या गिअरात, अगदी आमच्या चालकसाहेबांच्या नियमानं. खिडकीतून मामाचा हात बाहेर आला. गाडी पुढे गेली. दोन वळणं खाली म्हशींचा कळप रस्ताभर पसरला होता आणि गाडी त्याच्यामागे उभी. मी कडेकडेनं म्हशींमधून वाट काढत पुढे गेले. आता खिडकीतून मामाचं डोकंही बाहेर आलं होतं आणि त्याच्यामागे आणखी दोन-तीन डोकी. मग पुन्हा घुरघुर, पुन्हा गाडी पुढे, आणि कंडक्टरनं जाता जाता उगाचच डबल बेल मारली. पायथ्याला पोचले तेव्हा मामा रस्त्याकडेला छत्रीवर रेलून उभा होता. माझ्या मांड्या जाग्यावर होत्या. मी दोनदा गुडघे वाकवून खात्री केली.

मामा म्हणाला, "आज म्हशी रस्त्यावर हुत्या. तू न्हवतीस."

सातारकर माणसाकडून इतकं कौतुक आयुष्यात एकदा मिळतं. मी ते पेढ्यासारखं जपून ठेवलंय.

*

आता शर्यतीला चार दिवस राहिलेत. धावणं जवळपास थांबवलंय आणि हेच सगळ्यांत अवघड जातंय. पाय मोकळे असले की मन भलत्याच ठिकाणी धावतं. घोटा उगाच दुखल्यासारखा वाटतो, घसा खवखवल्यासारखा वाटतो, रात्री अडीचला उठून साताऱ्याचं हवामान बघितलं जातं. पाऊस. त्यात बघण्यासारखं काय होतं? सप्टेंबरात साताऱ्याला दुसरं काय असणार.

बॅग भरून ठेवलीय. दोन जोडी मोजे, व्हॅसलीन, खजूर, मिठाची पुडी, जुना टॉवेल. वेळेचं कुणाला काही सांगितलेलं नाही. मनातल्या मनातसुद्धा नाही. म्हणजे, एकदाच सांगितलंय, त्या पिवळ्या कुत्र्याला. तो झोपला होता.

काल रात्री मामाचा फोन आला. आधी बराच वेळ तणतणला. शर्यतीच्या सकाळी घाटात गाड्या सोडत नाहीत, म्हणजे त्याची एसटी बंद.

"मग एक दिवस जाऊ नका ना," मी म्हटलं.

"जाणार तर. पहाटे चारला निघतो. तुम्ही सगळी वर याल तवा मी देवळापाशी असेन."

"आणि उतरणार कसे? गाडी नाही, गुडघा असला."

तिकडे थोडा वेळ टीव्हीचाच आवाज आला.

"पाठमोरा," मामा म्हणाला. "कठड्याच्या बाजूनं, सावकाश. तसं गुडघ्याला लागत न्हाई. आणि तू वरनं येताना दिसशील तरी."